डावीकडे तळं, उजवीकडे डोंगर

"एवढा नवाकोरा रस्ता झालाय, आणि हा बाबा आपल्याला खड्ड्यांतून नेतोय! कमरेचा पार भुगा झाला." पहिल्या बाकावरच्या आजी आजोबांच्या कानाशी पुटपुटल्या. माझ्यापासून वीतभर अंतरावर. माझं बटण बंद होतं म्हणून बरं, नाहीतर ती कुरकुर शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेली असती.

मित्रांनो, मी एक जुना माईक आहे. सहलीच्या बसमधला, ड्रायव्हरच्या मागच्या दांडीला गुंडाळीच्या वायरीने लटकलेला. माझ्या जाळीला पोचा आहे, मानेला दोन रंगांची चिकटपट्टी आहे, पण आवाज अजून खणखणीत आहे. जे सांगणार आहे त्याचा धक्का मात्र ओसरलेला नाही. थोडं पुढेमागे झालं तर सांभाळून घ्या.

माझा जन्म कारखान्यातला. लांबलचक टेबलाशी बसलेल्या एका बाईने माझ्यात फुंकर मारली, "हॅलो" म्हटलं आणि कागदावर बरोबरची खूण केली. माझ्या कौतुकाचा सोहळा तेवढाच. तिथून निघालो तो या बसमध्ये आलो आणि बावीस वर्षं एकाच माणसाच्या ओठांशी राहिलो.

हा माणूस म्हणजे आमचे गाईड. अख्खं राज्य जिभेवर, म्हणून प्रवासी त्यांना 'राज्यपाल' म्हणतात. ड्रायव्हर 'दाजी' म्हणतो, कारण त्याची थोरली बहीण त्यांच्या घरात आहे. दाजींना माझी फार काळजी. जुन्या दातांच्या ब्रशने माझी जाळी साफ करायची, रुमालात गुंडाळून ठेवायचं. "मेहुणे," ते ड्रायव्हरला बजावायचे, "जरा हळू. लोकांना राज्य दाखवायला आणलंय, स्वर्ग नव्हे."

चार दिवसांची सहल. आधी राजधानी. तिथे घड्याळाचा मनोरा, संग्रहालय, आणि प्राणिसंग्रहालयातला पाणघोडा. दाजींच्या मते कामाच्या वेळी जागेवर सापडणारा तो एकमेव सरकारी नोकर. मग गिरण्यांचं शहर. गिरण्या कधीच बंद पडल्या, आता त्यांच्या आवारात पाण्याच्या घसरगुंड्या आहेत. "आजोबांनी जिथे घामाने भिजून पैसे मिळवले, तिथे नातवंडं पैसे देऊन भिजतात," हे वाक्य आलं की टाळी ठरलेली. पुढे तळ्याचं शहर, तिथल्या होड्या आणि रंगीत कारंजी. मग डोंगर आणि त्यावरचा रोपवे. शेवटी बंदराचं शहर, दीपगृह, आणि चालून पाय दुखतील एवढा लांब किनारा.

दाजींचं बोलणं या रस्त्यावर माळेसारखं ओवलेलं होतं. जुना दगडी पूल आला की तळ्याची गोष्ट सुरू. वीटभट्टीचं वळण आलं की डोंगराची. पाट्या वाचायची त्यांना गरजच नव्हती.

पहिला धक्का बसला दोन वर्षांपूर्वी. मनोऱ्यासमोर दाजींनी मला उचललं, "या मनोऱ्याला..." म्हणाले आणि पुढे काहीच नाही. मला वाटलं, माझीच वायर तुटली! मी घाबरून अंगभर खरखरलो. पण वायर शाबूत होती. दाजींचा श्वास मला नीट ऐकू येत होता, त्यात शब्दच नव्हता.

"दोनशे बारा पायऱ्या!" ड्रायव्हर ओरडला. "दाजी, दरवेळी माझ्याकडूनच वदवून घ्यायचं होय?" लोक हसले. दाजीही हसले.

संध्याकाळी ड्रायव्हरच्या बहिणीचा फोन आला. "कसं झालं रे आज?"

"झकास. तुझा नवरा दुसऱ्या कुणाला बोलू देतो का?"

"हो ना," ती म्हणाली. पुढचं तिने विचारलं नाही, याने सांगितलं नाही. फोन ठेवून तो स्वच्छ असलेलं स्टिअरिंग कितीतरी वेळ पुसत बसला.

मग नवा रस्ता झाला. तो बोगद्यातून थेट बंदराला जातो, तळं आणि डोंगर परतीच्या वाटेवर. सगळ्या बस तिकडून जाऊ लागल्या. ड्रायव्हरने रिकाम्या गाडीतून दाजींना एकदा तिकडून नेलं. परक्या घरात पाहुणा बसावा तसे दाजी मला दोन्ही हातांत धरून गप्प बसले होते. तेव्हापासून आमची बस जुन्याच रस्त्याने. "नव्या रस्त्यावर चहा धड मिळत नाही," ड्रायव्हर सगळ्यांना सांगायचा.

मित्रांनो, माझ्यात बिघाड झाला की कुणीतरी मोठ्याने म्हणतं, "माईक गेला!" म्हणून तर पाच मिनिटांत मला चिकटपट्टी लागते. माणसाच्या बाबतीत सगळे इतके मायाळू होतात की म्हणायचंच राहून जातं. तुम्ही तसं करू नका. नुसतं झाकून ठेवणं म्हणजे काळजी घेणं नव्हे. हे मी त्याच सहलीत, आजींनी कुरकुर केली त्याच दिवशी शिकलो.

जुन्या पुलापाशी आडवा बांबू होता. पोलिसाने हात केला. "पूल खचलाय. मागे फिरा."

ड्रायव्हरने आरशातून दाजींकडे पाहिलं. दुसरी वाट नव्हती. बस बोगद्यात शिरली आणि बाहेर पडली तर समोर समुद्र.

दाजींनी मला उचललं. चेहरा कसा उजळलेला! "मंडळी, आपण तळ्याच्या शहरात आलो! डावीकडे तळं, उजवीकडे डोंगर. उतरलात की डावीकडच्या पायऱ्यांवर जा, खुशाल पाण्यात पाय सोडून बसा. गुडघाभरच पाणी आहे."

उजवीकडे जहाजांवर माल चढवणाऱ्या क्रेन उभ्या होत्या. माझ्याच तोंडून हे बाहेर पडत होतं, आणि मला थांबता येत नव्हतं. लोक खो खो हसले. "राज्यपाल आज रंगात आलेत!"

आजींना मात्र त्यात थट्टा दिसली नाही. त्यांचे पाय खड्ड्यांनी आंबले होते. बस बंदराच्या धक्क्याशी थांबताच त्या उतरल्या, आणि ड्रायव्हर गाडी मागे घेईपर्यंत पायऱ्यांवर पोचल्यासुद्धा. भरतीची वेळ, पायऱ्यांवर हिरवं शेवाळ. उघड्या दारातून मला दिसलं: आजींचा पाय सटकला, एक चप्पल पाण्यात गेली, आणि मागून धावलेल्या हमालाने त्यांचा दंड धरला.

"मरायचंय का आजी? दोन पुरुष खोल पाणी आहे इथे!"

सगळे बसमध्ये परतले. आजी कमरेपर्यंत भिजलेल्या, पदर पिळत होत्या. आजोबांचा आवाज चिरकला. "हिला पाय सोडायला सांगितलं कुणी?"



ड्रायव्हर उठला. "चूक माझी. मीच गाडी भलतीकडे लावली. दाजी दुसऱ्या ठिकाणाबद्दल बोलत होते."

"जाऊ द्या हो," आजीही म्हणाल्या. "माझाच तोल गेला."

माना डोलल्या. सगळ्यांना ते पटवून घ्यायचंच होतं. तेवढ्यात दाजींनी मला दांडीवरून काढलं. बटण चालू झालं.

"मेहुणे, खाली बसा."

ड्रायव्हर बसला.

"याची चूक नाही, मंडळी. आजींचीही नाही. बावीस वर्षं मी इथे येतोय, आणि हे कोणतं शहर ते मला आत्ता सांगता येत नाही. मला आठवेनासं झालंय."