फुगवायला एकही उरला नाही

हवानाशेजारच्या आमच्या कोहीमारला आम्ही कोळी लोक पाकीट दातांनी फाडून कंडोम फुगवतो आणि गळाच्या दोरीला बांधतो. वाऱ्याबरोबर तो फुगा आमिष लांब समुद्रात घेऊन जातो. त्याच्या खऱ्या उपयोगाबद्दल मात्र गावात कुणी चकार शब्द काढत नाही.

माझी लेक यानेलिस नर्स आहे. परवा तिने विशीतल्या पोरापोरींना दवाखान्याच्या अंगणात बोलावलं. सगळे माना खाली घालून बसले. शेवटी त्यांच्यातला ओस्मेल पुटपुटला, "ताई, पहिल्या वेळी माझे हात थरथरले तर? ती हसेल मला."

"थरथरणारच रे!" यानेलिस म्हणाली. "धडधड तिलाही होत असते. तसं सांग तिला. तिला हवंय का, तेही विचार. नको म्हणाली तर विषय संपला. आणि पाकीट दातांनी फाडू नकोस, तुला मासे धरायचे नाहीयेत!"

अंगणभर हशा पिकला. मग प्रश्न थांबेचनात.

आज धक्क्यावर म्हातारा एलिसेर माझ्यावर उखडला. "तुझ्या पोरीमुळे औषधांच्या दुकानात एकही कंडोम उरला नाही! आता काय डोंबल फुगवू?"

"ही बघ माझी छाती," मी म्हटलं. "आज अख्ख्या धक्क्यावर फुगलेली हीच एक!"