मनगटे ओळखणारी हातकडी

मित्रांनो, हात मागे घेऊ नका, मी आता कोणाला धरत नाही. मी एक जुनी हातकडी आहे. पोलीस ठाण्याच्या सामानाच्या खोलीत, सगळ्यात खालच्या कप्प्यात, फुटक्या शिट्ट्यांच्या शेजारी माझा मुक्काम असतो. दुपारचे ऊन माझ्या अंगावरून हळूहळू सरकते, तेव्हा माझा डोळा लागतो आणि जुने दिवस दिसू लागतात. चेहरे मात्र दिसत नाहीत. मी माणसे ओळखते ती मनगटांवरून.

कारखान्यात मला तापवले, ठोकले, घासले. दोन कड्या, मध्ये साखळी आणि चिमुकली किल्ली असा माझा संसार. ठाण्यात आले तेव्हा मला भलताच तोरा होता. सगळे ठाणे माझ्याच जिवावर चालते, असे मला वाटायचे.

मी ज्यांच्या कमरेला असायचे, त्या हवालदारांना सगळे थट्टेने 'कारणदादा' म्हणत. हे नाव त्यांना एका चुकीने मिळाले. तरुणपणी एका पोस्टमनने त्यांच्याशी हुज्जत घातली. दादांचे डोके फिरले आणि त्यांनी मला त्याच्या हातात अडकवले. कोर्टात न्यायाधीशांनी विचारले, "बेडी कशासाठी?" ठाण्याच्या डायरीत कारण लिहिलेलेच नव्हते. "लगेच काढा," न्यायाधीश म्हणाले. पण माझे कुलूप अडकले. किल्ली फिरेना, मनगट सुजत चालले आणि सगळे कोर्ट बघत राहिले. ते सुजलेले मनगट मला अजून आठवते. मला फार लाज वाटली होती.

त्या दिवसापासून दादा आधी डायरीत कारण लिहीत, मगच मला हात लावत. सुरा घेऊन धावून आलेल्या एका माणसाला मी घट्ट धरले होते. त्याचे कारण चार ओळींचे होते आणि त्याचे मला वाईट वाटत नाही.

मग आले बाजारात घड्याळे दुरुस्त करणाऱ्या घड्याळजींचे प्रकरण. भांडणात त्यांनी शेजारच्या दुकानदाराची काच फोडली होती. खटला उभा राहिला. साऱ्या बाजाराची वेळ सांभाळणारा हा माणूस कोर्टाच्या दोन तारखा साफ विसरला आणि त्यांच्या नावाने वॉरंट निघाले.

तो दुकानदार ठाण्याच्या साहेबांसमोर बसला होता. साहेब म्हणाले, "बेडी घाला आणि बाजारातून चालवत न्या. जरा वचक बसेल."

"साहेब, डायरीत कारण काय लिहू?"

"लिहा, पळून जाईल म्हणून."

"त्यांचा गुडघा धड नाही, साहेब. जिना उतरायला त्यांना पाव तास लागतो."

साहेबांनी डायरी दादांकडे सरकवली. "तुमचं तुम्ही ठरवा. पण निसटला तर नोकरी तुमची जाईल."

आम्ही घड्याळजींच्या दुकानात पोचलो, तेव्हा त्यांची मुलगी काउंटरवर उभी होती. घड्याळजींनी दोन्ही हात पुढे केले. ते थरथरत होते. याच रस्त्यावर तीस वर्षे लोकांनी त्यांच्या हातात विश्वासाने घड्याळे दिली होती. मी दादांच्या कमरेला अंग चोरून बसले.

"हात खाली घ्या," दादा म्हणाले.

मुलीचा जीव भांड्यात पडला. "मग काका, आज राहू द्या ना. उद्या मी स्वतः घेऊन येते."

"ते मला ठरवता येत नाही, पोरी. कोर्टाचा हुकूम आहे, न्यावं तर लागणारच. कसं न्यायचं, एवढंच मी ठरवू शकतो."

मग दोघे बाजारातून निघाले. गुडघ्यामुळे चाल संथ होती. लोकांना वाटले, दोन म्हातारे गप्पा मारत फिरायला चाललेत. कोर्टाने घड्याळजींना समज देऊन नवी तारीख दिली. ती मात्र मुलीने भिंतीवर लिहून ठेवली.

पुढे दादा निवृत्त व्हायला आले. मला ठाण्यात जमा करण्याआधी ते मला घेऊन त्याच दुकानात गेले. "हिचं कुलूप एकदा अडकलं होतं. ते माझ्या मनातून जात नाही."

घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावले, माझ्या पोटातला गंज खरवडला आणि सुईच्या टोकाने तेलाचा थेंब सोडला. मग त्यांनी शांतपणे स्वतःचे मनगट माझ्यात घातले आणि मला बंद केले. दादा दचकले.

"बघू, उघडते का," घड्याळजी म्हणाले. "बंद तर कशीही होते."

दादांनी किल्ली फिरवली. मी अलगद उघडले. मित्रांनो, माझ्या आयुष्यात आपणहून माझ्याकडे आलेले ते एकच मनगट. ते जराही थरथरत नव्हते.

आता मी झोपेत असते. उद्या कोणी मला उचलले, तर त्याने आधी डायरीत कारण लिहावे. लिहायला काही सुचले नाही, तर मला पुन्हा कप्प्यात ठेवावे. आणि अधूनमधून माझ्या कुलपात तेलाचा एक थेंब सोडायला विसरू नये.