पहिला नंबर मुलाकडच्यांचा

गोजरबाईच्या शर्यतीचा निकाल शर्यतीच्या आधीच, गारखेड्यातल्या एका बैठकीत, चहा-पोह्यांवर लागला.

शहरात ज्येष्ठांची आंतरराष्ट्रीय मैदानी स्पर्धा भरली होती. देशोदेशीची म्हातारी माणसं रंगीत बनियनी घालून रिक्षावाल्यांशी हातवारे करून भाव ठरवत हिंडत होती. सत्तरीपुढच्या बायकांच्या पाच किलोमीटर चालण्याच्या शर्यतीत गोजरबाईचं नाव होतं. बाई मूळची फर्दापूरची. नवरा गेल्यावर शहरात लेकाकडं आली. डॉक्टरनं साखर सांगितली म्हणून पहाटे मैदानावर चालायला लागली, आणि चालता चालता राज्यात पहिली आली. पेपरात फोटोही छापून आला.

तो फोटो मनकर्णाबाईनं पाहिला. मनकर्णाबाई ही गोजरबाईची विहीण, तिच्या सायलीची सासू. मुलीकडच्यांचा फोटो पेपरात येतो आणि मुलाकडच्यांचा येत नाही, ही गोष्ट काही तिला पटली नाही. आठवड्याच्या आत तिनं औरंगपुऱ्यातून पांढरे शुभ्र बूट आणले आणि त्याच शर्यतीत नाव घातलं. वय बसत होतं, एवढंच लागत होतं.

आता पंचाईत अशी की गोजरबाई पुढं गेली तर विहिणीचा मान जाणार. म्हणून जावयानं, राजेंद्रनं, गारखेड्यातल्या आपल्या घरी बैठक बोलावली. मध्यस्थ अर्थातच सांडूमामा. बावीस वर्षांपूर्वी सायलीचं लग्न त्यांनीच जमवलं होतं, आणि तेव्हापासून या दोन घरांतलं पानसुद्धा आपल्याला विचारल्याशिवाय हलू नये अशी त्यांची समजूत होती.

"लग्नात ठरलं तसंच ठरवू," बशीतला चहा फुंकत मामा म्हणाले. "मान आधी मुलाकडच्यांचा. पहिला नंबर मनकर्णाबाई. दुसरा गोजरबाई. हाय कुणाची हरकत?"

"अन् तिसरा?" गोजरबाईनं विचारलं.

"तिसरा बाहेरच्यांना. लोक एवढ्या लांबून आलेत, मोकळ्या हातानं कसं लावून द्यायचं?"

"पण मामा, मी लई दिवसांपासून—"

"मामी," जावई मधेच म्हणाला, "आईला बीपी आहे. ती मागं पडली तर घरात महिनाभर धुसफूस. शेवटी त्रास कुणाला? तुमच्या सायलीलाच."

"सायलीच्या सुखाचा प्रश्न हाय," मामांनी शिक्का मारला.

सायलीच्या सुखावर तासभर चर्चा झाली. सायली स्वयंपाकघरात पापड तळत होती. तिला कुणी बोलावलं नाही.

गोजरबाईनं मान हलवली. न हलवून करते काय? लग्नात तिनं परातीत विहिणीचे पाय धुतले होते. त्या दिवसापासून देवळात, बाजारात, बारशात, कुठंही विहीण बरोबर असली की ही दोन पावलं मागं. गोजरबाईची ढांग लांब. पण मनकर्णाबाई शेजारी आली की तिचे पाय आपोआप आखडायचे. एकदा, फक्त एकदा, तिच्यादेखत आपली ढांग आपल्या मापानं टाकावी, एवढंच तिच्या मनात होतं. पदक मिळालं तर बरंच, नाही मिळालं तरी चालेल. पण आता तेही बैठकीत वाटून झालं होतं.

शर्यतीच्या दिवशी सकाळी दोन्हीकडची मंडळी मैदानाच्या कुंपणाला लागून उभी राहिली. या शर्यतीचा नियम असा, की एक पाय कायम जमिनीला टेकलेला पाहिजे आणि पुढं टाकलेला पाय गुडघ्यात वाकता कामा नये. दोन्ही पाय सुटले म्हणजे पळणं झालं. पंच टोप्या घालून वाकून वाकून गुडघे बघत हिंडत होते.

शिट्टी झाली. बाकीच्या बायका सरळ पुढं निघून गेल्या. मनकर्णाबाई बूट मळू नयेत अशा बेतानं चालू लागली आणि गोजरबाई दोन पावलं मागं.

"मागं आहात ना?"

"मागंच हाय, विहीणबाई."

"राजूच्या आत्याला तुम्ही जे लुगडं दिलं होतं ना लग्नात, ते पहिल्या धुण्यालाच विटलं. बोलले नाही मी कधी."

"दर दिवाळीला बोलता की."

इतक्यात एक सडपातळ, सावळी बाई सपसप पावलं टाकत मागून आली आणि दोघींना ओलांडून गेली. एक आख्खी फेरी पुढं होती ती.

"ही कुणाकडची?" मनकर्णाबाईनं विचारलं.

"श्रीलंकेकडची."

"तिला बैठकीतलं कुणी सांगितलं नाही का?"

गोजरबाईला हसू आलं. समोर मोकळी वाट होती. पाय शिवशिवत होते. बावीस वर्षं आखडलेले पाय ते.

"विहीणबाई," ती म्हणाली, "जरा बाजू द्या."

असं आजवर कुणी मनकर्णाबाईला म्हटलं नव्हतं. ती गोंधळून खरंच बाजूला सरकली. पुढं जाताना गोजरबाईचा हात सवयीनं पदर घ्यायला डोक्याकडं गेला. तिथं टोपी होती.

मनकर्णाबाईला भान आलं तेव्हा विहीण बरीच पुढं गेली होती. मग मात्र ती बीपी विसरली आणि सरळ पळत सुटली. दोन्ही पाय हवेत, बूटसुद्धा. पंचांनी एकदा समज दिली, दुसऱ्यांदा दिली, शेवटी लाल पट्टी दाखवून तिला बाहेर काढलं.

कुंपणाशी एकच गलका झाला. "मुलाकडच्यांना बाहेर काढलं!" राजेंद्र ओरडला आणि मैदानाकडं पाठ करून खाली बसला. लग्नातही तो असाच रुसून बसला होता. तेव्हा घड्याळ मिळाल्यावर उठला होता.

"क्या हुआ?" एका पंचानं विचारलं.

"घर का मामला है साहब, आप मत पडो," सांडूमामा म्हणाले आणि कुंपणावरून वाकून ओरडले, "गोजरबाई! विहीण बाहेर, तर तुम्ही आत कशा? रीत सोडू नका! या बाहेर!"

गोजरबाई पुढं गेली. फेरी मारून आली तर मामा तिथंच.

"जावई रुसलाय!"

"दिसलं मला."

"लेकीला नांदवायची हाय का नाय?"

हा शब्द मात्र लागला. पुढची फेरी गोजरबाई चालली ती नुसती पायांनी. कुंपणाशी आल्यावर तिची चाल मंदावली. सायली पाण्याची बाटली घेऊन पुढं झाली होती. सासू लालबुंद होऊन पाण्याची वाट बघत होती, नवरा पाठ करून बसला होता, मामांचं बोट वर होतं.

"सायले," गोजरबाई धापा टाकत म्हणाली, "सगळे तुझ्या नावानं बोलाय लागलेत. तूच सांग. थांबू का?"

सायलीनं एकदा नवऱ्याच्या पाठीकडं पाहिलं. मग आईच्या हातात बाटली देत म्हणाली, "आई, डावा गुडघा वाकतोय तुझा. सरळ ठेव."

त्यानंतर गोजरबाई काय चालली! नेपाळची मागं पडली, मलेशियाची मागं पडली. श्रीलंकेची तेवढी हाती लागली नाही. ती केव्हाच पोचून केळं सोलत बसली होती.

"बघा!" मामांनी टाळी वाजवली. "दुसराच आला! माझा शब्द म्हणजे शब्द!" आणि बैठक यशस्वी झाल्याचं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले.

राजेंद्र अजून जमिनीवरच होता. श्रीलंकेच्या बाईला वाटलं, म्हातारी आई हरली म्हणून बिचारा रडतोय. तिनं पिशवीतून लाकडी हत्तीचं कीचेन काढलं, त्याच्या हातावर ठेवलं आणि गालावरून हात फिरवला. राजेंद्रनं हत्ती उलटसुलट करून पाहिला. मग कपडे झटकून उठला.

मनकर्णाबाई मात्र कुणाशी बोलली नाही. रिक्षात बसताना तिनं बूट काढून सुनेच्या मांडीवर ठेवले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत गोजरबाईनं कसाबसा धीर धरला. पदक उशाशी होतं, पण जीव गारखेड्यात. शेवटी तिनं फोन लावला.

"सायले, कसं हाय घरी?"

"सासूबाई तुझ्याशी बोलणार नाहीत म्हणाल्या. कधीच."

"अन् तुझ्याशी?"

"माझ्याशीही नाही. हाक मारत नाहीत, काही मागत नाहीत, ताटात काय वाढलं तेही बोलत नाहीत."

"मग गं?"

सायली हळूच म्हणाली, "आज दुपारी झोपले आई. लग्नानंतर पहिल्यांदा."