निम्मा तंबू

डोंगरवाटेचा बेत नणंदेने आखला, तेव्हाच सगळं ओझं निम्मं-निम्मं करायचं ठरलं होतं. आणि तिचं निम्मं म्हणजे खरोखरचं निम्मं. एका कारखान्यात कामगारांच्या पाळ्या लावणं हे तिचं काम. कुणाला लागोपाठ रात्रपाळ्या येता कामा नयेत म्हणून ती महिना-महिना आधीपासून कागद काळे करत बसे. तोच कडक न्याय तिने डोंगरातही आणला. रोज सकाळी दोन्ही सॅक वजनकाट्याला टांगायच्या आणि काटा सारखा येत नसेल तर वस्तू फोडायच्या. तंबूचं कापड वहिनीकडे, तंबूच्या काठ्या हिच्याकडे. गॅसचा डबा वहिनीकडे, शेगडी हिच्याकडे. टूथपेस्ट तेवढी अख्खी एकीकडे राहिली, याची तिला अजून रुखरुख होती.

वहिनीची काही तक्रार नव्हती. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासणारी बाई ती. आठवडाभर उघड्यावर चालायला मिळतंय आणि वर रात्रीची सलग झोप, एवढ्यावर ती अख्खा तंबू एकटीने नेऊन वर नाचलीही असती. घरी तिच्या सासूबाई पाच वर्षांपासून रात्री उठून दार उघडत आणि शाळेला उशीर होतोय म्हणून रस्त्याला लागत. मागोमाग धावायचं, गोड बोलायचं, हाताला धरून परत आणायचं, हे सगळं वहिनीचं. का, तर तिची झोप सावध. नवऱ्याची झोप गाढ होती, आणि एखाद्याला जन्मतःच एक पाय आखूड असावा तशी ती घरात सगळ्यांनी समजून घेतली होती. हा आठवडा मिळवायला वहिनीने वर्षभर भुणभुण लावली होती. उद्या खिंड. खिंडीपलीकडे काय आहे ते तिला बघायचं होतं. काही नसलं तरी चाललं असतं, पण बघायचं होतं.

आज सकाळी मुक्कामाच्या झोपडीमागच्या टेकाडावर फोनला रेंज मिळाली. नणंद तिथे जाऊन आली आणि त्यानंतर फार प्रेमाने वागू लागली. चढावर थांबून पाणी काय विचारलं, वाटेत स्वतःच्या वाट्याची बिस्किटं काय दिली. वहिनीला तेव्हाच शंका यायला हवी होती.

दुपारी एका फाट्यावर दोघी टेकल्या. तिथून एक वाट वर खिंडीकडे जात होती, दुसरी खाली गावात उतरत होती.

"वहिनी, सकाळी दादाशी बोलले मी," नणंद म्हणाली.

"बरंय ना सगळं?"

"बरंय. म्हणजे आई काल रात्री दोनदा बाहेर पडली. दादा अगदी टेकीला आलाय गं. सलग तीन रात्री झोप नाही त्याला."

"तीन," वहिनी म्हणाली. तिने बुटाची नाडी बांधायची थांबवली. "मग?"

"मग मी म्हटलं, वहिनी उद्या संध्याकाळपर्यंत पोचेल. ही वाट सरळ गावात जाते, तिथून जीप मिळते. चौकशी केलीये मी सगळी."

"आणि तू?"

"मी पुढे जाईन म्हणते. रजा टाकलीच आहे तर."

वहिनीने खालच्या वाटेकडे पाहिलं. वाट चांगली रुंद होती. तिच्यासाठी काढलेल्या वाटा नेहमीच रुंद असत.

"वन्सं," ती म्हणाली. एरवी हा शब्द दोघींच्या थट्टेतला, 'तू' आणि टाळीसकट येणारा. आज टाळी नव्हती आणि 'तू'ही नव्हतं. "तुमच्या आई ना त्या?"

"असं काय बोलतेस? तिला तुझी सवय आहे. मी गेले तर ती मला ओळखणारसुद्धा नाही."

"मला तरी कुठे ओळखतात? शाळेतली शिपाईण समजतात मला."

"पण ऐकते ना तुझं."

"शिपाईणीचं सगळेच ऐकतात."

एवढं बोलून वहिनीने सॅक पाठीला मारली आणि चढाची वाट धरली.

रागाने चढ जाणवत नाही, हा शोध तिला त्या दुपारी लागला. आधी नवऱ्याशी भांडून झालं, मग नणंदेशी. मग 'तुम्ही आहात म्हणून घर आहे हो' असं दर भेटीत म्हणणाऱ्या तमाम नातेवाइकांना तिने वळणावळणावर एकेक करून गाठलं. सगळी भांडणं तीच जिंकली. समोरून उतरणाऱ्या एका म्हाताऱ्या जोडप्याने हसून हात केला. त्यांच्याकडेही तिने असं बघितलं, की ते वाट सोडून उभे राहिले.

खिंडीच्या पायथ्याशी तळं होतं आणि काठाला सपाट जागा. वारा सुटला होता. तिने तंबूचं कापड पसरलं, कोपऱ्यांवर दगड ठेवले, सॅकमध्ये हात घातला आणि तो तसाच आत राहिला. काठ्या फाट्यावर राहिलेल्या बाईकडे होत्या. सूप करावं म्हटलं तर गॅस होता, शेगडी नव्हती. कापड फुगून उडू लागलं तशी ती त्यावर बसून राहिली. एवढ्या मोठ्या डोंगरात धड रुसताही येऊ नये, याचा तिला जो संताप आला, त्यापुढे दुपारचा राग म्हणजे काहीच नव्हता.

बऱ्याच वेळाने नणंद आली. धापा टाकत होती.

"काठ्या," ती म्हणाली.

"ठेवा तिथे."

वाऱ्यात तंबू एकटीच्याने उभा राहत नाही. दोघी 'ओढ', 'धरा', 'सोड' एवढंच बोलल्या. तंबू उभा राहिला, थोडा कललेला.

"उद्या सकाळी उतरशील ना?" नणंदेने विचारलं. "मी शब्द दिलाय दादाला."

"तुम्ही दिलाय. तुम्ही उतरा."

"माझ्याच्याने नाही होणार, वहिनी."

"का?"

"मला नाही बघवत गं तिला तसं."

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच वहिनीचा पारा आणखी चढला. बघवत नाही म्हणून न बघण्याची सोय त्या घरात भावाला होती, बहिणीला होती.

"आणि मला बघवतं, हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

नणंदेने कललेल्या तंबूची दोरी उगाच ओढून पाहिली.

"तुमच्या कारखान्यात एखादीला पाच वर्षं रात्रपाळीच लावली तर काय होईल?"

"असं करताच येत नाही," नणंद सवयीने म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं. "संप होईल."

"झाला."

वहिनीने बूट काढले आणि ती खिंडीकडे तोंड करून बसली. मागे नणंदेने शेगडी मांडली, न विचारता गॅसचा डबा घेतला, सूप केलं. एक पेला वहिनीच्या पुढ्यात ठेवला. वहिनीने तो घेतला, पण वळून पाहिलं नाही.

ऊन खिंडीवरून सरकलं. पेला रिकामा झाला.

"मी उतरते सकाळी," नणंद म्हणाली. मग, शब्द जुळवत, "आईला रात्री उठवायचं कधी?"

"उठवायचं नसतं. त्याच उठवतात."

"दार उघडलं तर?"

"ओरडायचं नाही. आज शाळेला सुट्टी आहे म्हणायचं."

"आणि नाही ऐकलं तर?"

"तर चपला घालायच्या आणि त्या जातील तिथवर त्यांच्याबरोबर चालायचं," वहिनी म्हणाली. "चालायची हौस आहेच तुम्हाला."