आनाईगच्या बोटीला कुलूप

आमच्या राहत्या बोटीला कुलूप नव्हतंच कधी. माझी बायको आनाईग बाजारात गेली की मी बोटीवर, मी गेलो की ती. बोट रिकामी सोडायची नाही, हा तिचा नियम. दुआर्नने बंदराच्या धक्क्यावर तिचा शब्द मोडायची छाती कुणाची नव्हती, माझी तर नव्हतीच.

हिवाळ्यात तिला टेकडीवरच्या वृद्धाश्रमात ठेवावं लागलं. माणसं ओळखू येईनाशी झाली होती तिला. पोचवून आलो तो पुन्हा वर गेलोच नाही. ती माझ्याकडे परक्यासारखी बघेल या धास्तीनं पाय उचलत नव्हता. कुणी विचारलं की म्हणायचो, "बोट कुणाच्या भरवशावर टाकू?"

शेवटी धक्क्यावरचा सुतार तांगी कडी-कोयंडा आणि कुलूप घेऊन आपणहूनच बोटीवर चढला.

"आता कुठला बहाणा सांगणार, म्हातारबा?"

"आधी भोकं नीट पाड, मग तोंड चालव."

केबिनच्या तोंडाशी फळ्या एकावर एक खाचेत बसतात आणि वरून झाकण सरकतं. झाकणाला कडी, वरच्या फळीला कोयंडा. पठ्ठ्या स्क्रू मारायला निघाला तसा मी भडकलो.

"चोर एका हिसक्यात उपटेल! आरपार बोल्ट घाल. नट आतून."

"अहो, चोरायला आहे काय आत? तुमचे मोजे?"

हसू आलं मला. बऱ्याच दिवसांनी.

"आतून खिट्टीपण लावतो," तो म्हणाला. "रात्री कुणी आलं तर?"

"माझ्याकडे कोण मरायला येतंय?"

त्यानं खिट्टी लावली, तेल सोडलं, किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि गेला.

मी झाकण ओढलं, कुलूप घातलं. इतके दिवस घटकाभर धक्क्यावर उतरताना फळ्या लावल्या की वाटायचं, ती आहे आत, बटाटे सोलतेय. कुलूप लागलं आणि आत कुणी नाही हे एकदम खरं झालं. तसाच चढ चढलो. वाटेत तिच्या आवडीचा लोण्याचा केक घेतला.

ती खिडकीशी बसली होती. केस कुणीतरी भलतेच विंचरले होते.

"कोण तुम्ही?"

घ्या! ज्याला भीत होतो तेच.

"बंदरावरून आलोय," मी म्हटलं.

तिचा चेहरा खुलला. "अगंबाई! मग माझा नवरा भेटत असेल की. गुल्वेन."

मी केकच्या पुड्याची दोरी सोडत बसलो. सुटता सुटेना.

"भेटतो ना. रोज भेटतो."

"मग इकडे का फिरकत नाही मेला?"

"बोट रिकामी कशी सोडणार?"

"हां, तेही खरंच." तिनं केक निम्मा खाल्ला, निम्मा कागदात नीट गुंडाळून माझ्या हातात दिला. "एवढा त्याला द्या. आणि म्हणावं, माझ्यासाठी बोट सोडून यायचं नाही. अजिबात नाही."

"सांगतो," म्हटलं. दुसरं काय म्हणणार?