मिहीरच्या धातूचं गाऱ्हाणं

मिहीरला देवळातून पळून जायचं होतं, पण भाईंनी, म्हणजे त्याच्या वडलांनी, त्याचं मनगट धरून ठेवलं होतं. विमानाच्या इंजिनातली पाती ज्या धातूची करतात तो धातू आपला लेक बंगळुरूत बनवतो, हे देवगडच्या बंदरापासून गावच्या तिठ्यापर्यंत सगळ्यांना सांगून झालं होतं. आज रवळनाथापुढे त्याच्या नावाने गाऱ्हाणं, म्हणजे सगळ्या गावाने मिळून देवाकडे मागणं, होतं.

खिशातला फोन थरथरून गप्प झाला. साहेबच असणार. नव्या धातूचे तीन नमुने भट्टीत ओढ लावून टांगले होते. एक टिकला, दोन मुदतीआधीच तुटले. साहेबांचं म्हणणं, तुटलेल्यांत ओतकामाचा दोष होता असं अहवालात लिही आणि सही कर, म्हणजे धातू पास. दोष नव्हता. मिहीरने स्वतः ते तुकडे भिंगाखाली पाहिले होते. सही केली तर नोकरी कायम, नाही तर घरी. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

"बा देवा महाराजा," गाऱ्हाणं घालणाऱ्या बाळा घाडींनी आवाज लावला, "ह्या लेकराचो धातू पास होवंदे, त्याचा इंजिन आभाळात उडांदे!"

"व्हय महाराजा!" सगळं देऊळ गरजलं. साकडं घातलं ते खोट्यासाठी, आणि अख्खा गाव त्याला जामीन!

"आणखी काय मागणा आसा रे?" घाडींनी रीतीप्रमाणे विचारलं.

मिहीर घाबरला होता, म्हणूनच बहुधा बोलून गेला. "आसा. जा तुटूचा आसा, ता हंयच जमिनीर तुटांदे. वर, माणसा बसलेली आसताना नको."

"व्हय महाराजा!" लोक सवयीने ओरडले. भाईंचे ओठ मात्र हलले नाहीत. मनगट तेवढं त्यांनी सोडलं.

बाहेर चपला घालताना ते म्हणाले, "तुटता?"

"तुटता. साहेब म्हणतत, तसा लिवू नको."

"आणि लिवलस तर?"

"नोकरी जातली."

भाई बराच वेळ चपलेत पाय सरकवत राहिले. गावभर मिरवलेला लेक, आणि आता हे. चेहरा पार उतरला होता त्यांचा.

"सायबाक फोन लाव," ते म्हणाले. "हंयच लाव. घराक पोचलव की तुझी आई रडतली, मगे तुझ्यान होवचा नाय." मान वळवून पुढे म्हणाले, "माझ्यानय नाय."