हाताला गुण

"अहो, थांबा, पट्टी त्या बाजूला आहे!" काकू ओरडल्या, पण तोवर वायरमनकाकांनी दिवा लावलाही होता. उलटा जोडलेला कपॅसिटर फट्‌दिशी फुटला आणि बॉनेटखालून जळका वास आला.

गाडी एका नर्सबाईंची होती. त्यांनी हौसेनं नवे एलईडी दिवे बसवून घेतले आणि ते लुकलुकायला लागले. "काका, समोरच्या ड्रायव्हरांना वाटतं, मी डोळा मारतेय!" असं हसून सांगून त्या गेल्या होत्या खऱ्या, पण संध्याकाळी त्यांची ड्युटी होती आणि हॉस्पिटल गावाबाहेर होतं.

दुखणं साधंच होतं. गाडी दिव्याला वीज तुटक तुटक देते. जुना बल्ब ते निभावून नेतो, नव्याला तेवढा दम नाही. नळ थांबून थांबून आला तरी टाकीतून धार सलग पडते. तसा मध्ये एक कपॅसिटर टाकायचा, की झालं. काकांच्या डाव्या हातचा मळ. पण वर्षभरापासून बोटं थरथरत होती, कपॅसिटरची उणे बाजू दाखवणारी बारीक पट्टीही नीट दिसत नव्हती. गिऱ्हाइकासमोर ते उगाच घाई करून वेळ मारून नेत. डबा घेऊन येणाऱ्या काकूंपासून मात्र काय लपणार?

आज काकू दुकान बंद करायला सांगणार, हे काकांनी ओळखलं. दुकान गेलं तर सकाळी उठून जायचं कुठे?

"बोल, काय बोलायचंय ते."

"बोलायचंय काय? दुसरा कपॅसिटर कुठे ठेवलाय?" काकूंनी स्टूल पुढे ओढलं. "घरी मी सांगते, तुम्ही करता. आज उलटं."

काका सांगत गेले. काकूंनी पट्टीची बाजू दोनदा विचारून घेतली, एकदा बोट भाजून घेतलं, काकांच्या समजावण्यावर दोनदा खेकसल्याही. पण सोल्डरचा डाग पक्का बसला. दुसऱ्या दिव्याला तर त्यांनी विचारलंही नाही.

नर्सबाई आल्या. इंजिन सुरू झालं आणि समोरच्या भिंतीवर दोन्ही दिव्यांचा उजेड पडला. जराही हलेना.

"काका, तुमच्या हाताला गुण आहे हो!"

हे काकांनी जन्मभर ऐकलं होतं आणि दरवेळी मान डोलावून खिशात घातलं होतं.

"हात हिचा आहे, सिस्टर," ते म्हणाले.

नर्सबाईंनी काकूंचे दोन्ही हात धरले. एरवी तोंडाचा पट्टा चालवणाऱ्या काकू खाली वाकून वायरचे तुकडे वेचायला लागल्या. गाडी गेली. काकांना इतकं भरून आलं होतं की आभार मानायचे कसे, तेच कळेना. त्यांनी नुसतंच म्हटलं, "अगं..."

काकूंनी वर पाहिलंच नाही.

"उद्या दुकान किती वाजता उघडायचं?" त्यांनी विचारलं.